झेंडेवाल्याची पाठ

हॅस्लमचा फटका गोलच्या कितीतरी वरून जाऊन मागच्या पत्र्यावर आदळला, तेव्हा क्लाइव्ह ऑर्मरॉडच्या पाठीमागून तो ओळखीचा सपाट आवाज आला, "तेही जमलं नाही, हेही जमत नाही!" आणि क्लाइव्हला हसू आलं. फार नाही, ओठांचा एक कोपरा वर गेला इतकंच. पण रेषेवर झेंडा घेऊन उभ्या असलेल्या लाइनमनच्या चेहऱ्यावर तेवढंही शोभत नाही. त्या ओळीला चाल होती, आणि ती आवाजानं टाकली होती नेमकी वेळेवर, पत्रा वाजून थांबल्यावर जी एक रिकामी जागा उरते तिथं. सगळ्या स्टँडनं ती उचलली, टाळ्यांसकट. तिसऱ्या वेळी ओळ कानावर आली तेव्हा क्लाइव्हला कळलं की 'हेही' म्हणजे गोल मारणं, आणि 'तेही' म्हणजे काय. मागच्या हिवाळ्यात जूड हॅस्लमनं जीव द्यायचा प्रयत्न केला होता. वाचला. पेपरात आलं, त्याच्या क्लबनं पत्रक काढलं, आठ महिने तो खेळला नाही, परत आला तेव्हा गावोगावच्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. या गावच्या लोकांनीही वाजवल्या असतील. आणि आता हे. क्लाइव्हनं ओठ जागेवर आणले, पण उशीर झाला होता. हॅस्लम मान खाली घालून त्याच्याच बाजूनं परत पळत येत होता, आणि त्यानं नेमकी त्याच क्षणी मान वर केली होती. त्यानं पाहिलं. लाइनमन हसतोय हे त्यानं पाहिलं.

खेळ पुढे गेला. चेंडू त्या टोकाला होता आणि क्लाइव्ह मध्यरेषेपाशी उभा होता, झेंडा मांडीला टेकवून, पाठ स्टँडकडे करून. गेली एकोणीस वर्षं तो असाच उभा आहे. स्केलबर्नचं हे मैदान जुनं, इथं रेषेपासून कठड्यापर्यंत जेमतेम दीड हाताचं अंतर. पुढच्या रांगेतल्या माणसानं उसासा टाकला तरी मानेला लागतो. एवढ्या जवळ असूनही वळून बघायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. लाइनमनची पाठ म्हणजे गावानं हवं ते लिहावं अशी भिंत आहे, आणि क्लाइव्हची तक्रार नव्हती. सोमवार ते शुक्रवार तो गाडी चालवण्याच्या परीक्षा घेतो. शेजारच्या सीटवर बसून, चेहरा कोरा ठेवून, घाम फुटलेल्या माणसाला शेवटी एकाच सुरात पास किंवा नापास सांगतो. कुणी रडतं, कुणी शिव्या घालतं, एका बाईनं तर किल्ली फेकून मारली होती. त्या मानानं शनिवारी दुपारी हजार माणसांनी एकमुखानं तुमच्या टकलाविषयी गाणं म्हणावं यात एक प्रकारचा मोकळेपणाच आहे.

आणि त्या हजारांत हा एक आवाज. नऊ वर्षांपूर्वी क्लाइव्ह इथं पहिल्यांदा आला तेव्हा आवाज म्हणाला होता, "झेंडेवाले, टोपी घाला हो, गोलकीपरच्या डोळ्यांवर चमकतंय!" तेव्हापासून मोसमातून दोनतीनदा क्लाइव्हची इथं नेमणूक व्हायची आणि आवाज तिथंच असायचा, मध्यरेषेच्या थोडा डावीकडे. कधी शिवी नाही. "झेंडेवाले, गुडघा दुखतोय वाटतं, आमचीच म्हातारी अशी जिना उतरते." "झेंडेवाले, तो ऑफसाइड होता हो, तुम्हाला शंका असेल तर पोस्टानं कळवा." सगळी गंमत त्या कंटाळलेल्या सपाट सुरात होती. क्लाइव्ह न हसता उभा राही, आणि घरी जाऊन बायकोला, हेलनला, सांगे. शनिवारी संध्याकाळी दारातून आत आला की ती स्वयंपाकघरातूनच विचारी, "आज काय म्हणाला तुझा माणूस?" दुसऱ्या मैदानावर गेला असेल तर क्लाइव्ह चक्क काहीतरी रचून सांगायचा, तिला हसताना बघायला. एकदा हेलन न सांगता आली. क्लाइव्हला ते कळलं ते पाठीमागून, "झेंडेवाले, वहिनी म्हणतायत कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला विसरलात!" असा पुकारा झाला तेव्हा. स्टँड खदखदून हसलं. क्लाइव्हही हसला, आणि वळून मात्र बघितलं नाही. रात्री हेलन म्हणाली, "छान आहे रे माणूस. अर्धा सॉसेज रोल दिला मला." कसा दिसतो, हे क्लाइव्हनं विचारलं नाही. त्याच्या मनात एक लालबुंद, ढेरपोट्या, मोठ्या हातांचा गडी तयार होता, तो त्याला पुरे होता.

हेलन ऑगस्टमध्ये गेली. ज्या मंडळात गायला जायची तिथल्या एका माणसाकडे गेली, समुद्रकाठी. भांडण असं झालंच नाही. बॅग भरून झाल्यावर ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "त्या स्टँडमधल्या माणसाचे विनोद सोडले तर तू मला वर्षानुवर्षं काही सांगितलंच नाहीस, क्लाइव्ह." क्लाइव्ह तिच्याकडे बघत उभा होता आणि त्याच्या लक्षात आलं की आपला चेहरा परीक्षेतल्यासारखा झालाय, आणि तो बदलावा कसा हे काही केल्या सुचेना. कचेरीत कुणाला माहीत नाही. रेफ्री मंडळींत कुणाला माहीत नाही. आणि या देशातल्या झाडून सगळ्या मैदानांवर, प्रत्येक लाइनमनला, त्याचं लग्न झालेलं असो नसो, एक गाणं म्हणतात:

तू झेंडा घेऊन गावभर फिर,
तुझ्या उशीवर कुणाचं शिर?

क्लाइव्हनं ते शेकडो वेळा ऐकलं असेल. त्याला ते कधी लागलं नव्हतं, आता या मोसमात दर शनिवारी लागत होतं. शब्द तेच, चाल तीच, म्हणणाऱ्यांच्या मनात तसूभर जास्त विष नाही. मग तक्रार करायची ती कुणाविरुद्ध? रेफ्रीला काय सांगायचं, की साहेब, एरवी ही गंमतच असते, पण ऑगस्टपासून माझ्यापुरती ती खरी झालीय, तेव्हा बंद करा? आज पहिल्या अर्ध्यात आवाजानं आपल्या नेहमीच्या सुरात विचारलं होतं, "काय झेंडेवाले, वहिनी नाही आल्या? घरी सोबतीला कोण आहे मग?" पाठोपाठ गाणं. क्लाइव्हचे कान पेटले होते. त्याच्या मुठीतल्या झेंड्याला एक बटण होतं, ते दाबलं की रेफ्रीच्या दंडावरचा पट्टा थरथरतो. या विभागात कानात बोलायची सोय नाही, बटण दाबायचं आणि रेफ्रीनं जवळ यायचं, एवढंच. त्यानं बटणावर अंगठा ठेवला आणि काढून घेतला. एरवी त्याचं आयुष्य रेषेवर चाललं होतं. बचाव करणाऱ्याच्या खांद्याच्या पुढे चढाई करणाऱ्याचा गुडघा आहे की नाही, म्हणजे ऑफसाइड की नाही, हे तो डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगायचा आणि सहसा चुकायचा नाही. आणि इथं रेषा कुठं आहे तेच कळत नव्हतं. चुन्याची पूड घेऊन कुणी ती आखून दिली असती तर तो जन्मभर तिच्यावरून पळाला असता.

"तेही जमलं नाही, हेही जमत नाही!" परत सुरू झालं. हॅस्लमकडे चेंडू आला की सुरू, गेला की बंद. आता ते हॅस्लमच्या क्लबचं नाव टाळ्यांच्या मधे घालत होते, म्हणजे गाणं बाळसं धरत होतं. यात एक वाईट शब्द नाही. सुट्टीत पोरांसमोर म्हणावं असं गाणं. ते आवाजानं रचलं की आवाजानं फक्त पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं? आधी 'हेही जमत नाही' एवढंच म्हणणार होता आणि तोंडातून आधीचा अर्धा भाग निघून गेला, असं असेल? क्लाइव्ह त्या माणसाच्या वतीनं मनातल्या मनात वकिली करत होता हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो चिडला. मग तो आणखी चिडला, कारण आत्ता बटण दाबलं तर ते हॅस्लमसाठी असेल की उशीच्या गाण्यासाठी, हे त्याचं त्याला सांगता येत नव्हतं. आवाजाला कठड्यावरून उचलून बाहेर काढावं, जन्माची बंदी घालावी, असं त्याला पहिल्या अर्ध्यापासून वाटत होतं. मग आता निमित्त मिळालं म्हणून? आणि बटण दाबलंच, चौकशी झाली, तर हॅस्लम म्हणेल, पण हे साहेब तर हसत होते.

चेंडू बाहेर गेला, क्लाइव्हच्या पुढ्यातच. थ्रो पाहुण्यांचा. हॅस्लम चेंडू उचलायला रेषेवर आला. तेवीस वर्षांचा पोरगा, नाकावर थंडीनं लाल ठिपका, मनगटाला पांढरी पट्टी गुंडाळलेली, फुटबॉलवाले गुंडाळतात तशी. मागून गाणं सुरू होतं. त्यानं चेंडू जर्सीला पुसला, पुसतच राहिला.

"तुम्हाला ऐकू येतंय ना?" तो म्हणाला. क्लाइव्हकडे न बघता.

"खेळाकडे लक्ष दे," क्लाइव्ह म्हणाला.

हेच शब्द तो परीक्षेत वापरतो. समोर लक्ष द्या. हॅस्लमनं एकदा त्याच्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. टपालखात्यात तीन खिडक्या फिरून आलेला माणूस चौथ्या खिडकीवरच्या पाटीकडे बघतो तसं त्यानं पाहिलं, आणि चेंडू फेकला.

त्यानंतर क्लाइव्हला खेळ नीट दिसेना. डोळे बचावाच्या ओळीवर होते, पाय आपोआप आडवे सरकत होते, पण सगळं अंग पाठीत जमा झालं होतं. काय करायचं ते सोपं होतं, आणि ते सोपं आहे हेच त्याला सहन होत नव्हतं. एवढ्यात पाहुण्यांनी लांब पास दिला, हॅस्लम सुटला. चांगला सुटला, बचावाच्या मागून, स्वच्छ. अख्खं स्टँड एकदम ओरडलं, "तेही जमलं नाही!" आणि क्लाइव्हनं झेंडा वर केला. हॅस्लम ऑफसाइड नव्हता. चांगला पावलाभर मागे होता, आंधळ्यालाही दिसलं असतं. क्लाइव्हनं झेंडा उंच धरला आणि अंगठ्यानं बटण दाबून ठेवलं, दाबूनच ठेवलं. शिटी झाली. हॅस्लम गोलकीपरच्या पुढ्यात जाऊन थांबला आणि दोन्ही हात पसरून मागे वळला. पाहुण्यांचे पाठीराखे मैदानाच्या त्या टोकाकडून बोंब मारू लागले. इकडचे आनंदानं नाचू लागले. रॉडनी फर्थ, रेफ्री, शाळेत कवायत शिकवणारा तरणाबांड गडी, पळत येताना दिसला. आणि तो यायच्या आत क्लाइव्हनं एकोणीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. तो मागे वळला.

मध्यरेषेच्या थोडा डावीकडे एक लहानसा, नीटनेटका म्हातारा उभा होता. गळ्याशी टाय, कानात ऐकू येण्याचं यंत्र, कठड्यावर थर्मास. परीक्षेला दर आठवड्याला येतात तसल्या, बायको गेल्यावर उतारवयात गाडी शिकायला निघालेल्या माणसांपैकी एक. तो क्लाइव्हकडे बघून खूश होऊन हसला, जुना मित्र भेटल्यासारखा.

"अरे वा झेंडेवाले! तोंडही आहे म्हणायचं तुम्हाला!"

"काय झालं?" रॉडनी पोचला होता. "ऑफसाइड? अरे, मला तर—"

"ऑफसाइड नाही. गाणं." क्लाइव्हनं झेंड्याचं टोक कठड्याकडे केलं. "हा माणूस."

रॉडनीचा चेहरा गंभीर झाला. तो चांगला रेफ्री होता, अशा गोष्टी हसण्यावारी नेणारा नव्हता. "काय म्हणाला? शब्द सांग. नेमके शब्द लागतील मला."

तोपर्यंत हॅस्लमही आला होता, भांडायला, आणि 'गाणं' हा शब्द ऐकून थबकला होता. हातभरावर उभा होता. त्याच्या तोंडातून वाफ येत होती. क्लाइव्हनं तोंड उघडलं. ओळ जिभेवर होती. ती म्हटली की रॉडनी विचारणार, बरं, यात काय आहे? मग 'तेही' म्हणजे काय ते सांगावं लागणार, इथं, या पोराच्या तोंडावर, त्या सगळ्या लोकांसमोर, एकेक अक्षर उच्चारून. म्हातारा कानातलं यंत्र नीट करून ऐकत होता. पुढची सगळी रांग ऐकत होती. हॅस्लम ऐकत होता. लवकर, क्लाइव्ह, रॉडनीचे डोळे म्हणत होते.

"तो म्हणाला," क्लाइव्ह म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला, "घरी माझ्या बायकोच्या सोबतीला कोण आहे. आणि ती गेलीय. ऑगस्टमध्ये गेली ती."

रॉडनीनं खाली बुटांकडे पाहिलं. मग त्यानं क्लाइव्हच्या दंडावर हात ठेवला, आणि क्लाइव्हला कळलं की संपलं. "अरे, मला माहीत नव्हतं," रॉडनी हळूच म्हणाला. "फार वाईट झालं. पण क्लाइव्ह, ते गाणं नेहमीचंच आहे रे. मलाही म्हणतात, माझं तर लग्नही झालेलं नाही. यावर मी काय करू? जमेल ना तुला? चौथ्या पंचाला बोलावू का तुझ्या जागी?"

"जमेल," क्लाइव्ह म्हणाला. नाही, ते नाही, मला ते नव्हतं सांगायचं, हे वाक्य त्याच्या घशात तयार होतं. पण दंडावर तो हात होता, आणि त्या हाताखाली, लाज वाटावी इतकं, त्याला बरं वाटत होतं. ऑगस्टपासून त्यानं हे पहिल्यांदाच कुणाला सांगितलं होतं. हॅस्लम आपल्या जागेकडे निघाला. रॉडनीनं चेंडू हातात घेतला, जमिनीवर टाकला, खेळ सुरू झाला.

मग पाठीमागे जे घडलं ते क्लाइव्हनं पाठीनंच ऐकलं. "अरे देवा," म्हातारा म्हणाला. "माफ करा हो, झेंडेवाले. नसतं बोललो. कसं कळणार माणसाला." मग रांगेतून कुजबुज गेली, एका तोंडातून दुसऱ्या तोंडाकडे, खरंच गेलीय रे त्याची. लांब कुणीतरी अजाणता उशीचं गाणं उचललं तर चारपाच जण त्याच्यावर एकदम खेकसले, "गप्प बस की, गाढवा!" तो गप्प बसला. एका बाईचा आवाज म्हणाला, "बिचारा, बघा ना, पाठ कशी ताठ ठेवलीय." टकलाचं गाणं नाही, गुडघ्याचं नाही, पोस्टानं कळवायचं नाही. सगळं गाव त्याच्याशी माणसासारखं वागू लागलं, एका वाक्यात. इतकं सोपं होतं तर. सांगावं लागत होतं, बस्स. आणि जे सांगायचं ते एकदाच सांगता येणार होतं, आणि ते त्यानं स्वतःवर खर्च करून टाकलं होतं. कारण चेंडू हॅस्लमकडे गेला आणि तीच माणसं, त्याच गळ्यांनी, जरासुद्धा न अडखळता गाऊ लागली, "तेही जमलं नाही, हेही जमत नाही!" पहिल्या कडव्याला म्हातारा त्यात नव्हता. दुसऱ्याला होता.

पाहुण्यांच्या मॅनेजरनं हॅस्लमच्या जागी दुसरा खेळाडू घेतला तो त्यानंतर लवकरच. आकडे लागलेली पाटी समोरच्या बाजूला वर झाली. बदली होणाऱ्यानं जवळच्या रेषेवरून बाहेर जायचं असा आता नियम आहे, वेळ वाचावा म्हणून. हॅस्लमला जवळची रेषा क्लाइव्हची होती. म्हणजे त्याला इथून बाहेर पडून, कठड्याच्या कडेकडेनं, या सबंध स्टँडसमोरून चालत, गोलच्या मागून पलीकडे आपल्या लोकांत जायचं होतं. तो आला. रेषेवर क्षणभर थांबला, मोजे खाली ओढले.

"तुमचं थांबवलं त्यांनी," तो म्हणाला. टोमणा नव्हता तो. त्याला खरोखरच बरं वाटलेलं दिसत होतं. "चांगलं झालं. वाईट असतं ते."

आणि तो गेला. गाणं त्याच्याबरोबर चालू लागलं, पायाला पाय लावून, मध्यरेषेपासून कोपऱ्यापर्यंत. ते कुठंवर पोचलं हे क्लाइव्हला न बघता कळत होतं. कोपऱ्यावरच्या पोरांनी त्याला उभं राहून टाळ्याही वाजवल्या, हसत. मग आवाज ओसरला. तेव्हा क्लाइव्हनं बटण दाबलं. रॉडनीनं पलीकडून पाहिलं, आणि नव्या खेळाडूला जरा थांबवून, पुन्हा सगळं मैदान ओलांडून तो आला. चेहरा मघासारखाच मऊ होता, फक्त थोडा थकलेला.

"बोल, क्लाइव्ह."

"हॅस्लमला ते जे म्हणतायत," क्लाइव्ह म्हणाला, भरभर, एका दमात, "तेही जमलं नाही म्हणजे मागच्या वर्षीचं. जीव द्यायचं. ते म्हणतायत, तुला मरायलाही जमलं नाही. मघापासून म्हणतायत. याच माणसानं सुरू केलं."

रॉडनीनं स्टँडकडे पाहिलं. स्टँडनं त्याच्याकडे पाहिलं, निष्पाप, कुणी गात नव्हतं. थर्मासचं झाकण काढून म्हातारा चहा ओतत होता. रॉडनीनं पलीकडे पाहिलं. पाहुण्यांच्या बाकावर शेवटच्या जागी डोक्यावरून टॉवेल घेऊन कुणीतरी बसलं होतं.

"मघाशी तो इथंच उभा होता ना आपल्याजवळ," रॉडनी म्हणाला. "मी तुला विचारलं. मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

क्लाइव्हच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. रॉडनी वळला आणि खिशातून वही काढत कठड्याकडे, म्हाताऱ्याकडे गेला. "काय हो आता?" म्हातारा विचारत होता. "आता मी काय म्हटलं झेंडेवाल्यांना?"